पंचमी ते पंचमी

"एक बी न्हाई?" थोरातअण्णांनी विचारलं.

"एकही नाही," मी म्हणाले.

पडद्यावर कराड तालुक्याचा नकाशा होता. कृष्णा होती, कोयना होती, वाड्यावस्त्यांची नावं होती. काल संध्याकाळपर्यंत त्यावर शहाऐंशी हिरवे ठिपके होते आणि प्रत्येक ठिपका म्हणजे एक सर्पमित्र होता. आज सकाळी सव्वादहाला ठिपका औषधालाही शिल्लक नव्हता. खाली मीच कधीतरी लिहून ठेवलेली ओळ आली होती : ‘आपल्या परिसरात सध्या एकही सर्पमित्र उपलब्ध नाही.’

"शहाऐंशी माणसं एका रात्रीत गायब," अण्णा म्हणाले. "माझ्या वहीतनं तीस वर्षांत तीन गेली. ती बी वारली म्हणून."

"अण्णा, मला जरा बघू द्या."

"बघ की. मी कुठं डोळं झाकलंत तुझं?" त्यांनी डबा उघडला आणि माझ्यापुढे सरकवला. "धोंडा खा. जावई आल्यात, काकूनं पहाटंच उठून केलंत. पोटात काय पडलं म्हंजी डोकं चालंल."

मी पुरणाचा धोंडा तोंडात कोंबला आणि कीबोर्डवर वाकले. साडेअकराला वनखात्याच्या मॅडम येणार होत्या. त्यांना हा नकाशा पसंत पडला, तर तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर आमच्या वेबसाइटचा पत्ता लागणार होता. नाही पडला, तर अण्णांचा बेत तयारच होता : भिंतींवर गेरूनं फोन नंबर रंगवायचे, पूर्वी रंगवत तसे. चार महिने मी स्वतःला ज्या कामाला जुंपून घेतलं होतं ते काम तासाभरात गेरूच्या डब्यात बुडणार, असा रंग दिसत होता.

आम्ही बसलो होतो ते कार्यालय कृष्णाकाठ सर्पमित्र संघाचं. घरात साप निघाला की त्याला न मारता पकडून रानात सोडणारी ही माणसं. कुणी रिक्षावाला, कुणी केस कापणारा, दोघे मास्तर, एक भजीवाला. हणमंत थोरात हे त्यांचे कार्यवाह. वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले, आणि ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत शिरलेले साप काढता काढता या नादाला लागलेले. संघाचा सगळा कारभार त्यांच्या लाल कापडी बांधणीच्या वहीत होता. वेबसाइटही होती, पण तिच्यावरची नावं सात वर्षांपूर्वी कुणीतरी हातानं टाकलेली. त्यातले चौघे गाव सोडून गेले होते आणि दोघे जग. त्या उन्हाळ्यात एका बाईनं त्या यादीतले पाच नंबर फिरवले, एकही लागला नाही. शेवटी तिच्या नवऱ्यानं स्वतःच चिमट्यानं साप ओढायला जाऊन चावून घेतलं. तो वाचला, पण आठ दिवस दवाखान्यात होता. त्यानंतर संघाच्या तरुण पोरांनी मला गाठलं.

काम सांगायला सोपं होतं. सभासदांची नोंद ठेवणारं एक सॉफ्टवेअर घ्यायचं, वहीतली नावं-पत्ते त्यात भरायचे आणि ते वेबसाइटला जोडायचं. सभासदानं वेबसाइटवर जाऊन आपण राहतो तिथं नकाशावर टाचणी लावायची. सॉफ्टवेअरनं सांगायचं की हा माणूस अजून संघात आहे, आणि वेबसाइटनं मगच त्याचा ठिपका दाखवायचा. एकीकडे पुण्याचं सॉफ्टवेअर, दुसरीकडे माझी वेबसाइट. सोयरीक जुळवून दिली मी, आणि सोयरिकीत होतात तेवढे सगळे रुसवेफुगवे काढलेही मीच. एकदा जुळल्यावर मात्र दोघं असं नांदायला लागले की मी गावभर सांगत सुटले होते.

अण्णांना ते कधीच पटलं नव्हतं. "तालुक्यातलं समदं माझ्या डोक्यात हाय," असं ते डोक्याला बोट लावून सांगायचे. आणि मला छेडायला त्यांच्याकडे हुकमी विषय होता. वेबसाइटसाठी सापांचे फोटो चढवायचे तर मी डोळे किलकिले करून चढवायची. कागदी साप बघून माझी पाचावर धारण बसते हे अख्ख्या संघाला ठाऊक झालं होतं.

त्या सकाळी मी पहिला संशय धरला जोडणीवर. जोडणीची किल्ली, म्हणजे पासवर्डच, बदलली का? नाही. पुण्याचं सॉफ्टवेअर बंद पडलंय? चालू होतं. दोघांचं बोलणं तुटलंय? अगदी सुरळीत बोलत होते. वेबसाइट विचारत होती, "कोण कोण आहे?" आणि तिकडून शांतपणे उत्तर येत होतं, "कुणी नाही." मी जोडणी तोडून परत केली, परत तोडून परत केली. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला कळत नव्हतं. अर्धा तास असा गेला.

मग माझा फोन वाजला. नंबर अनोळखी.

"ताई, तुम्ही सापवाल्या का?" बाई कुजबुजत होती.

"नाही हो. मी फक्त वेबसाइट..."

"वेबसाइटवर कुणीच नाही म्हणतंय. खाली तुमचा एकटीचा नंबर आहे."

होता. ‘तांत्रिक अडचण आल्यास संपर्क’ असं लिहून तळाला मीच टाकला होता.

"मी वाघजाईवाडीच्या अंगणवाडीतनं बोलतेय. दारात नाग आहे, ताई. पोरांच्या चपलांच्या ढिगात बसलाय, फणा काढून. आत अकरा पोरं आहेत आणि मी. दुसरं दार नाही."

मी स्पीकर लावून तो अण्णांपुढे धरला. अण्णांचा चेहरा बघता बघता बदलला. थट्टा करणारा म्हातारा गेला आणि खांबावर चढणारा वायरमन समोर आला.

"बाई, मी थोरात. घाबरू नका. पोरं कुठं बसल्यात?"

"सतरंजीवर."

"एकेकाला उचलून टेबलावर, बाकावर ठिवा. पळू दिऊ नका. जनावराला पायाचा धक्का कळतोय. गाणं म्हना हवं तर, बसल्याजागी."

"बाहेर माणसं जमलीत काका. काठ्या घेऊन. जमिनीवर आपटतायत."

"त्यास्नी म्हनावं थांबा. भायेरनं धोपटलं तर ते आतच येणार. फोन दावा त्यास्नी, मी बोलतो."

खिडकीच्या गजांतून तिनं फोन बाहेर धरला असावा. अण्णांनी काय आवाज लावला! कार्यालयाच्या पत्र्यावरचे पारवे उडाले. काठ्यांचा आवाज थांबला. मग त्यांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"वाघजाईवाडीच्या अंगाला आपलं कोण न्हाई," ते हळू म्हणाले. "जवळचा म्हंजी बजरंग. त्यो चाळीस मिनटं घील. चाळीस मिनटं बारकी पोरं बाकावर बसत्यात व्हय? एखादं उतरंलच."

तीस वर्षं ज्या डोक्यात समदं होतं, त्या डोक्यानं हात टेकले होते. अण्णांच्या कपाळावर घाम आला होता. मला त्यांचा राग आला, माझा त्याहून जास्त आला. ज्या एका सकाळसाठी हा नकाशा बनवला होता, त्याच सकाळी तो कोरा होता.

मी जोडणीचा नाद सोडला आणि थेट सभासदांच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरले. शहाऐंशी नावं जिथल्या तिथं होती. फक्त प्रत्येक नावापुढे लाल अक्षरात दोन शब्द होते : ‘मुदत संपली’. सगळ्यांची, आणि एकाच दिवशी. काल.

"अण्णा, सभासदांची नोंद गेल्या साली कधी झाली होती?"

"पंचमीला. आनि कवा हुती? आगाशिवाच्या डोंगरापायथ्याला समदी जमत्यात, शपथ घेत्यात, वहीत सही करत्यात. तुला सांगितलेलं की. पंचमी ते पंचमी."

सांगितलं होतं. मी त्यांना विचारलं होतं, सभासदत्व किती दिवसांचं, आणि ते म्हणाले होते, पंचमी ते पंचमी. मी मनात म्हटलं होतं, म्हणजे एक वर्ष, आणि सॉफ्टवेअरला तसं सांगून मोकळी झाले होते.

"गेल्या सालची नागपंचमी दोन ऑगस्टला होती," मी म्हणाले. "आज तीन. वर्ष भरलं अण्णा."

"वरीस कसं भरलं?" अण्णा माझ्याकडे खुळीकडे बघावं तसं बघायला लागले. "पंचमी कुठं झालीया आजून? धोंड्याचा म्हैना चाललाय. अधिक श्रावण. ह्यो सरायचा, मग खरा श्रावण लागायचा, मग पंचमी. धोंडा खाल्लास न्हवं आत्ता?"

माझ्या दातात अजून पुरण होतं. अधिक महिना आला म्हणून जावई आला, जावई आला म्हणून धोंडे झाले, आणि धोंडा चघळत मी तारा तपासत बसले होते. सॉफ्टवेअरला बाराच महिने ठाऊक. तेरावा महिना आलाय हे त्याला सांगणं माझं काम होतं.

"पुढची पंचमी कधी?"

अण्णांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे मान वळवायचीही तसदी घेतली नाही. "एकवीस तारीख. सोमवार."

मी शहाऐंशी नावं एकदम निवडली, मुदतीच्या रकान्यात एकवीस ऑगस्ट घातली आणि बटण दाबलं. लाल अक्षरं हिरवी झाली. नकाशा उघडला तर तो कोराच. मग आठवलं, वेबसाइट आपली जुनी प्रत तासभर जपून ठेवते, तशी सवय तिला मीच लावली होती. ती प्रत पुसली आणि पान पुन्हा उघडलं.

एक ठिपका आला. मग दहा. मग सगळा तालुका हिरवा झाला. उंब्रज, ओगलेवाडी, मसूर, काले. आणि वाघजाईवाडीच्या अगदी कुशीत, ओढ्याच्या अलीकडे, एक ठिपका एकटाच होता. मी त्याच्यावर टिचकी मारली.

"कमल येडगे," मी वाचलं. "सभासद क्रमांक सत्तेचाळीस. अंतर दीड किलोमीटर."

"कमल? ती मसूरची. माझ्या वहीत मसूर हाय."

"तुमच्या वहीत असेल. टाचणी तिनं स्वतः लावलीय, जूनमध्ये."

"फोन लाव," अण्णा म्हणाले. त्यांनी स्वतःचा फोन माझ्याकडे टाकला, कारण माझ्या फोनवर अंगणवाडी होती.

दुसरी रिंग वाजताच कमलनं उचलला. मागे कोंबड्यांचा कालवा चालला होता. मला आठवतंय तितकं सांगते.

"कमलताई, तुम्ही कुठं आहात?"

"पोल्ट्रीवर. वाघजाईवाडीच्या वढ्याला. का?"

"मसूर?"

"ते म्हायेर, ताई. सहीच्या टायमाला बाळंतपणाला तिथं हुते. काय झालंय?"

मी सांगितलं. तिनं पुढचं काही विचारलं नाही. "हूक हितंच हाय. निघाले," म्हणाली, आणि फोन न तोडताच पळायला लागली. तिच्या पायांचा आणि दमाचा आवाज मला ऐकू येत होता. माझ्या उजव्या हातात कमल होती आणि टेबलावर अंगणवाडी. अंगणवाडीत अकरा पोरं बेसूर आवाजात गाणं म्हणत होती. अण्णा मध्येच त्यांना "आता परत पयल्यापासनं म्हना" म्हणत होते. एक पोर रडत होतं, त्याला बाथरूमला जायचं होतं. अण्णा म्हणाले, "बाई, त्याला बाकावरच करू द्या. नंतर पुसता यील."

तेवढ्यात दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. खाकी साडी, हातात फाइल. वनखात्याच्या मॅडम वेळेआधीच आल्या होत्या. त्यांनी एकदा आम्हा दोघांकडे बघितलं, एकदा पडद्याकडे, आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

"काठ्या खाली," कमलचा आवाज एकदम दोन्ही फोनमधून आला. "तात्या, तुमाला बी सांगतीय. मागं सरा. आजून. बाई, पोरास्नी गप करा आता."

गाणं थांबलं. त्यानंतरची दोन-अडीच मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. काहीच ऐकू येत नव्हतं. एकदा चप्पल घसटल्याचा आवाज आला, एकदा फुस्स असं काहीतरी आलं. मी अण्णांची बाही धरली होती हे मला नंतर कळलं. अण्णा डोळे मिटून बसले होते. त्यांचा उजवा हात हवेत अगदी सावकाश वर चालला होता, जणू हूक त्यांच्याच हातात होता.

"आला पिशवीत," कमल म्हणाली. "चांगला पाच फुटाचा हाय. तोंड बांधलं. पोरास्नी भायेर सोडा बाई, पन चपला झटकून घाला म्हनावं."

मग जो गलका झाला तो फोनमध्ये मावेना. अण्णांनी डोळे उघडले. ते रडत होते, आणि लपवतही नव्हते. मीही रडत होते. मॅडमनी आपल्या पर्समधून पाण्याची बाटली काढून अण्णांच्या हातात दिली.

अण्णा पाणी प्यायले आणि माझ्याकडे वळले. "माझ्या डोक्यात ती मसूरलाच हुती," ते म्हणाले. "तुझा नकाशा नसता तर मी बजरंगची वाट बघत बसलो असतो."

"तुमची पंचमी नसती तर नकाशाच नसता, अण्णा."

मी मॅडमना घडलेलं थोडक्यात सांगितलं. त्यांनी विचारलं, "पण त्या बाईंना वेबसाइटवर कुणीच का दिसलं नाही?"

नेटवर्कवर ढकलता आलं असतं. आमच्या धंद्यात नेटवर्कवर काय ढकलत नाहीत? पण समोर अण्णा होते, आणि टेबलावर तो अर्धा उरलेला डबा.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "यांचं वर्ष पंचमी ते पंचमी असतं. मी तीनशे पासष्ट दिवस मोजले. यंदा अधिक महिना आहे, त्यामुळे काल रात्री सगळ्यांची मुदत संपली. आता दुरुस्त केलंय. पुढच्या दहा वर्षांच्या पंचम्या आजच भरून ठेवते."

"एकटी तिची न्हाई," अण्णा मध्येच म्हणाले. "पंचमी सरकती हे मी बोललोच न्हाई. मला वाटलं, ते काय सांगायचं असतंय?"

मॅडम नकाशाकडे वळल्या. त्यांनी आपल्या ऑफिसच्या गावावर बोट ठेवलं, जवळचे तीन ठिपके उघडून नावं वाचली. मग फाइल उघडली आणि सही केली.

"फलक सगळ्या ग्रामपंचायतींना लावू," त्या उठताना म्हणाल्या. "पण एक करा. तळाचा तुमचा नंबर काढू नका."

संध्याकाळी कमल स्वतःच नाग घेऊन संघात आली, वनखात्याच्या वहीत नोंद करायला. बारीक अंगाची, कडेवर वर्षाचं बाळ. संघातली पोरं तिच्याभोवती गोळा झाली. अण्णांनी लाल वही काढली, सत्तेचाळीस क्रमांकापुढचं मसूर खोडलं आणि वाघजाईवाडी लिहिलं. मी मात्र पिशवीपासून दहा हात लांब उभी होते.

"अवो ताई, बांधलीया तोंडाला," कमल हसत म्हणाली.

"असू दे. मी इथनंच बघते."

एकवीस तारखेला अण्णांनी मला आगाशिवाच्या पायथ्याला बोलावलं. मला वाटलं, नकाशावर सगळ्यांची मुदत वाढवायची असेल, म्हणून लॅपटॉप घेऊन गेले. सकाळचं कोवळं ऊन होतं. शहाऐंशी माणसं गोल उभी होती आणि प्रत्येकानं आपली काठी, हूक, चिमटा पुढ्यात जमिनीवर ठेवला होता. अण्णा एकेक वाक्य म्हणत होते, बाकीचे मागून म्हणत होते : येत्या पंचमीपर्यंत मी एकाही सापाला मारणार नाही. कुणाला मारू देणार नाही. मग ओळीनं सह्या झाल्या.

सगळ्यांच्या सह्या झाल्यावर अण्णांनी वही माझ्यापुढे धरली. सत्त्याऐंशीच्या आकड्यापुढे जागा मोकळी होती.

"अण्णा, थट्टा पुरे. मला गांडुळाचीही भीती वाटते. मी काय साप पकडणार?"

"शपथ नीट ऐकलीस का?" अण्णा म्हणाले. "मारणार न्हाई, मारू दिणार न्हाई. पकडीन आसं कुठं हाय त्यात?"

या कामाला मी हो का म्हणाले होते, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नऊ वर्षांची असताना गोठ्यामागे एक धामण दिसली. मी किंचाळून बोट दाखवलं, आणि चुलत्यानं फावड्यानं तिचे तीन तुकडे केले. ती आपल्या वाटेनं चालली होती. तिनं कुणाचं काही केलं नव्हतं. भीती तर तेव्हापासून आहेच, पण ते बोटही तेव्हापासून माझ्या मनातून गेलेलं नाही. त्या सकाळी मी ते अण्णांना सांगितलं. त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं.

"मग कर की सही," एवढंच म्हणाले.

"आणि मला कुणाचा फोन आला तर?"

"तर काय? जवळचा ठिपका बघायचा आनि त्याला फोन लावायचा. त्या दिवशी तू दुसरं काय केलंस?"

मी पुढ्यात काय ठेवावं कळेना, म्हणून लॅपटॉप कमलच्या हुकाशेजारी जमिनीवर ठेवला. शहाऐंशी माणसांसमोर मोठ्यानं शपथ म्हणाले आणि सही केली. मग तिथंच मांडी घालून सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचं नाव भरलं आणि नकाशावर आमच्या घराच्या छपरावर टाचणी लावली.

आता काही वर्षं झाली. मला साप अजून बघवत नाही, आणि फोन मात्र वर्षाकाठी तीस-चाळीस येतात. एकाही सापाला मी हात लावलेला नाही, आणि माझ्यापर्यंत फोन आलेला एकही साप मारला गेलेला नाही. माझ्या ठिपक्यावर टिचकी मारली तर अजून तेच येतं : स्वप्नाली कणसे, सभासद क्रमांक सत्त्याऐंशी. मुदत, येत्या पंचमीपर्यंत.